फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जेवा, पण खुर्चीचा हिशोब मांडून या

मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून गेले आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. मी म्हटलं होतं, अमरावती-अकोल्यात ज्याला खाण्यापिण्याचा धंदा टाकायचा आहे त्याने एकदा मुंबईला जाऊन पारंपरिक पद्धतीच्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये दुपारचं जेवण करून यावं. त्यावर एका भावाने विचारलं, "ताई, तेवढ्या पैशात तं आमच्या घरचा आठवड्याचा किराणा येते. मंग मी तिथं कायले जाऊ?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर बारा मिनिटांच्या व्हिडिओत मावत नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. राजकमल चौकात सूफ्ले विकायला मी कोणाला सांगत नाहीये. तुम्ही तिथला पदार्थ शिकायला जायचंच नाही. तुम्ही जायचं ते एक खुर्ची किती वेळ अडते आणि त्या अडलेल्या वेळेचे पैसे गिऱ्हाइकाकडून कसे घेतले जातात ते बघायला. आपल्याकडच्या शंभर हॉटेलांत ही गोष्ट झाकलेली असते. फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये ती उघड्यावर असते, कारण तिथे दोन तास उठायला कोणी सांगत नाही.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं? माझं अकोल्यात हॉटेल-केटरिंगच्या भांड्यांचं दुकान आहे. नवीन हॉटेल निघालं की ताटं, वाट्या, भगोणी, सर्व्हिसचे चमचे आमच्याकडून जातात. उद्घाटनाचा पेढाही येतो. आणि मग कधी आठ महिन्यांनी, कधी वर्षाने त्याच नंबरवरून फोन येतो, "ताई, जुना माल घेता काय?" ताटावर हॉटेलचं नाव कोरलेलं असतं. ते घासून काढावं लागतं, म्हणून भाव अजून पडतो. असा माल परत आला की मी नेहमी विचारते, काय झालं? चव वाईट होती असं फार थोड्यांच्या बाबतीत असतं. बहुतेकांची भाजी चांगली होती, जागा चांगली होती, शनिवार-रविवारी गर्दीही होती. मेन्यू लांबलचक होता आणि खुर्चीचा हिशोब कोणी केलेला नव्हता.

खानावळ आधीची, रेस्टॉरंट नंतरचं

थोडा इतिहास सांगते, कारण धंद्याची मेख त्यातच आहे. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये बाहेर जेवायचं म्हणजे बहुधा "ताब्ल दोत" असायचं, म्हणजे यजमानाचं टेबल. ठरलेली वेळ, एक लांब टेबल, शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नाही, आणि जे शिजलं असेल ते खायचं. ओळखीचं वाटलं ना? ही आपली खानावळच. ताटाचा दर ठरलेला, अकरा ते दोन वेळ, आज वांगं आहे तर वांगं.

"रेस्टॉरंट" हा शब्द आधी पदार्थाचा होता. अशक्त माणसाला ताकद भरून देणारं कढण, असा त्याचा अर्थ. १७६० च्या दशकात पॅरिसमध्ये असं कढण विकणारी दुकानं निघाली. त्यांनी तीन गोष्टी बदलल्या: वेगळं छोटं टेबल, आपल्या सोयीच्या वेळेला येण्याची मुभा, आणि पदार्थांची यादी किमतीसकट. पुढे १७८० च्या दशकात आंत्वान बोव्हिलिए या राजघराण्यात काम केलेल्या आचाऱ्याने थाटामाटाचं रेस्टॉरंट काढलं आणि मग १७८९ च्या क्रांतीनंतर या धंद्याला भरच आला.

आता बघा, या तीन बदलांत स्वयंपाकाचा एकही नाही. जेवण तेच राहिलं असतं तरी चाललं असतं. गिऱ्हाइकाला टेबल, वेळ आणि निवड विकली गेली. या तिन्ही गोष्टी मालकाला महाग पडतात. टेबल वेगळं म्हणजे जागा वाया. वेळ मोकळी म्हणजे चूल दिवसभर पेटती. निवड म्हणजे माल भरून ठेवणं. जो माणूस खानावळीचा दर लावून रेस्टॉरंटची सोय देतो तो या तिन्हींचा खर्च स्वतःच्या खिशातून भरतो. आपल्याकडे "फॅमिली रेस्टॉरंट" अशी पाटी लावून नेमकं हेच चालतं.

जायचं तर कसं जायचं

रात्री अमरावती एक्सप्रेसमध्ये बसलात की सकाळी मुंबई. दुपारचीच वेळ धरा. बऱ्याच महागड्या ठिकाणी दुपारी दोन किंवा तीन पदार्थांचं ठरलेल्या दराचं जेवण असतं आणि ते रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. हीसुद्धा शिकायची गोष्ट: रिकामी राहणारी दुपार ते स्वस्तात विकतात, पण यादी आखूड करून. फोन करून टेबल सांगून ठेवा. दोघं जा आणि वेगवेगळं मागवा.

मुंबईत असल फ्रेंच ठिकाणं मोजकी आहेत आणि ती बदलत राहतात. ताजमहाल हॉटेलातलं झोडिअ‍ॅक ग्रिल १९८९ साली सुरू झालं, बरीच वर्षं गाजलं, आज ते नाही. म्हणून निघण्याआधी चालू आहे ना ते बघून घ्या.

शाकाहारी मंडळींनी एक काळजी घ्या. फ्रेंच कांद्याचं सूप नावाने निरुपद्रवी वाटतं, पण पारंपरिक पद्धतीत ते मांसाच्या पाण्यात करतात. मूससारख्या गोड पदार्थात कधी जिलेटिन असतं आणि बहुतेक गोडात अंडं. विचारायला लाजू नका. रातातुई म्हणजे वांगं-टोमॅटो-ढोबळी मिरची-झुकिनी यांची भाजीच. बटाट्याचं ग्रातँ म्हणजे साय आणि चीज घालून भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या. दोन्ही आपल्या जिभेला चालतात, फक्त तिखटाची वाट बघू नका.

काटा-सुरीची धास्ती घेऊ नका. बाहेरच्या बाजूची आधी, आतली नंतर, एवढंच. आणि "आंत्रे" हा शब्द फ्रेंचमध्ये सुरुवातीच्या पदार्थासाठी आहे. अमेरिकेत तोच शब्द मुख्य पदार्थासाठी वापरतात, त्यामुळे मेन्यूवर गोंधळ होऊ शकतो. पाव विचारण्याआधीच येईल. चीज खाणार असाल तर ते फ्रेंच पद्धतीत गोडाच्या आधी येतं.

जेवण संपल्यावर बिल आपोआप येणार नाही. फ्रान्समध्ये मागितल्याशिवाय बिल आणणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. आपल्याकडे बडीशेप आणि बिल एकाच बशीत येतं आणि पोऱ्या फडकं घेऊन बाजूला उभा. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. त्यांनी तुमच्या बसण्याचे पैसे आधीच घेतलेत. आपल्या खानावळवाल्याने घेतलेले नाहीत, म्हणून त्याला खुर्ची परत पाहिजे.

एकामागून एक पदार्थ का येतात

एक पदार्थ संपला की दुसरा, ही पद्धत आपण अस्सल फ्रेंच समजतो. गंमत म्हणजे ती रशियाकडून आली. जुन्या फ्रेंच थाटात सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. आपल्या पंगतीत पान पूर्ण वाढल्याशिवाय कोणी घास घेत नाही, साधारण तसंच. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या रशियन राजदूताच्या घरची, एक-एक पदार्थ आणून वाढायची रीत हळूहळू पसरली. जेवण गरम मिळायला लागलं आणि प्रत्येक बशीतलं माप मालकाच्या हातात आलं. वाया जाणं कमी झालं.

हे लगेच उचलू नका हं. वऱ्हाडी माणसाला वरण, पोळी, भाजी, ठेचा एकाच वेळी ताटात लागतो, कारण तो घासागणिक मिसळून खातो. रोडगे आणि वांग्याची भाजी वेगवेगळ्या बशांत वीस मिनिटांच्या अंतराने आणली तर गिऱ्हाईक भांडायला उठेल. पण माप उचला. भाजीचा डाव किती ग्रॅमचा, हे आपल्या किती हॉटेलांत ठरलेलं असतं? माझ्या दुकानात डाव घ्यायला आलेल्या माणसाला मी विचारते, किती मिलिलिटरचा पाहिजे, तर तो हाताने दाखवतो, "थो येवढा."

एस्कोफिए आणि त्याचं कमिशन

रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघराची आजची रचना ज्याच्या नावावर आहे तो ओगुस्त एस्कोफिए. १८९० मध्ये तो आणि सेझार रिट्झ लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेले. तोवर एक आचारी एक पदार्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा. एस्कोफिएने कामं वाटली: एक जण फक्त सॉस, एक भाजण्याचं, एक थंड पदार्थ, एक गोड. अंड्याच्या एका पदार्थाला एकट्या माणसाला पंधरा मिनिटं लागायची. अंडं एकाने, मांस दुसऱ्याने, सॉस तिसऱ्याने केला की तोच पदार्थ काही मिनिटांत बशीत यायचा.

दुसरं, त्याने पाककृती लिहून काढल्या. १९०३ साली त्याचा "ल गीद क्युलिनेर" हा जाडजूड ग्रंथ आला. मुंबईचं ताजमहाल हॉटेल उघडलं तेही १९०३ च्या डिसेंबरात. अशा मोठ्या हॉटेलांचं किचन आजही याच वाटणीवर चालतं. आपल्याकडे मसाल्याचं प्रमाण आचाऱ्याच्या डोक्यात असतं. आचारी दिवाळीला गावी गेला आणि परत आला नाही की धंदा बसला. महिन्याला वीस हजार पगार देता ना? मग पहिल्या महिन्यातच त्याच्या शेजारी काटा आणि वही घेऊन बसा. तो नाराज होईल. होऊ द्या.

तिसरी गोष्ट पुस्तकांत कमी येते. १८९८ मध्ये सॅव्हॉयने एस्कोफिए आणि रिट्झ दोघांनाही काढून टाकलं. माल पुरवणाऱ्यांकडून कमिशन घेतल्याचं एस्कोफिएने पुढे लेखी मान्य केलं. एवढा मोठा माणूस! तर मंडळी, तेलाचे डबे आणि पनीर कोण आणतं, दर कोण ठरवतं, वजन कोण करून घेतं हे बघायचं काम मालकाचं. महिन्यातून दोनदा स्वतः बाजारात जाऊन भाव विचारून या, कोणाला न सांगता.

फ्रेंच मेन्यूची आणखी एक खुबी: पाच पायाभूत सॉस. दूध-मैद्याचा, रश्श्याचा पांढरा, रश्श्याचा तांबूस, टोमॅटोचा, आणि अंडी-लोण्याचा. त्यांतून असंख्य सॉस निघतात. म्हणजे सकाळी पाच भांडी तयार, संध्याकाळी वीस पदार्थ. आपल्याकडे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं काळं वाटण, टोमॅटो-कांद्याचं लाल, आणि शेंगदाणा-तिळाचं, या तिनावर बारा-पंधरा भाज्या सहज उभ्या राहतात. पाटोडीचा रस्सा, वांगं, मटकी, अंडा करी सगळं पहिल्याच वाटणात.

खुर्चीचा हिशोब

आता वही काढा.

समजा अमरावतीत तुमच्याकडे ३० खुर्च्या आहेत. भाडं ४५,०००, पगार १,०५,०००, लाईट आणि इतर ३०,०००. महिन्याचा ठरलेला खर्च १,८०,००० रुपये. रोजचा ६,०००. म्हणजे दुकान उघडलं की एकेक खुर्ची दिवसाला २०० रुपये मागते, कोणी बसो न बसो.

थाळी १४० ची. माल आणि गॅस मिळून ६०. उरले ८०. खानावळीत माणूस पंचवीस मिनिटांत उठतो. दुपार आणि रात्र मिळून एक खुर्ची ८ वेळा भरली तर २०० भागिले ८, प्रत्येक थाळीवर खुर्चीचा भार २५ रुपये. थाळीमागे ५५ सुटले, खुर्चीमागे दिवसाला ४४०. खुर्ची ४ वेळाच भरली तर भार ५० होतो, थाळीमागे ३० सुटतात, खुर्चीमागे १२०. अडीच वेळा भरली, म्हणजे दिवसाला ७५ थाळ्या, तर हाती शून्य. त्याखाली तोटा.

आता याच जागेत तुम्ही सोफे टाकले, गाणी लावली, दिवे मंद केले. छान. गिऱ्हाईक दोन तास बसायला लागलं. खुर्ची दिवसातून दोनदाच भरणार. प्रत्येक माणसावर खुर्चीचा भार १०० रुपये. १४० च्या थाळीवर तुमचे ८० सुटत होते, म्हणजे माणशी २० रुपये खिशातून गेले. हॉल भरलेला दिसतो, लोक फोटो काढतात, आणि गल्ल्यात पैसा नाही. "ताई, गर्दी तं होते, पैसा कुठं जाते समजत नाही," असं जे लोक मला सांगतात त्यांचा पैसा इथे जातो.

मग दोन तास बसवायचे तर दर किती पाहिजे? मालाचा खर्च किमतीच्या ४० टक्के धरा. खुर्चीमागे तेच ४४० सुटायला हवेत तर माणशी खुर्चीचे १०० आणि नफ्याचे २२० असे ३२० रुपये उरले पाहिजेत. ३२० हे ६० टक्के, म्हणजे किंमत साधारण ५३५. हा सोफ्याचा खरा दर. तुमच्या गावात माणशी ५३५ देणारे रोज ६० लोक आहेत का? शनिवार-रविवार नाही, मंगळवारी. असतील तर खुशाल टाका. नसतील तर साधी लाकडी खुर्ची बरी.

मुंबईत टेबलावर बसलात की हेच उलट करून बघा. किती टेबलं, किती लोक, वाढणारे किती, तुम्ही दीड तास बसलात तेवढ्यात शेजारचं टेबल किती वेळा भरलं. बिलाच्या आकड्यातून मालाचा अंदाज वजा करा. जो मोठा आकडा उरेल तो म्हणजे तुमचा दीड तास. तिथल्या भाड्यात तो तसाच असणार. त्यांनी लुटलं नाही.

आणि तिथल्या भाड्यापुढे नामांकितांनाही माघार घ्यावी लागते. पूजा धिंग्रा पॅरिसला ल कॉर्दों ब्लूमध्ये शिकून आल्या, २०१० मध्ये मुंबईत "ले फिफ्टीन" सुरू केलं, माकारोन नावाचं फ्रेंच बिस्किटवजा गोड लोकांच्या तोंडी बसवलं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात त्यांनी कुलाब्यातलं कॅफे बंद केलं. डब्यात घालून घरी पाठवायचा माल आणि नाव मात्र चालू राहिलं. खुर्च्या गेल्या, धंदा टिकला.

फ्रेंच म्हणजे महाग, हेही खरं नाही

पॅरिसमध्येच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दुव्हाल नावाच्या खाटकाने बाजारातल्या कामगारांसाठी कमी दर्जाच्या तुकड्यांचं कढण आणि उकडलेलं मांस स्वस्तात विकायला सुरुवात केली. अशा जागांना "बुय्याँ" म्हणतात. त्यातलं १८९६ चं शार्तिए अजून चालू आहे. कागदी टेबलक्लॉथवरच वेटर पेनाने हिशोब लिहितो. अनोळखी लोकांना एका टेबलावर बसवतात. पटापट या, पटापट जेवा. हॉल इतका देखणा की लोक तो बघायलाही येतात, आणि खुर्ची फिरत राहते म्हणून दर परवडतो.

दुसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. "ल रले द व्हनीझ", १९५९ पासून. मुख्य पदार्थ एकच: स्टेक, त्यावर गुपित सॉस, सोबत बटाट्याच्या तळलेल्या काड्या; आधी अक्रोड घातलेलं सॅलड. वेटर विचारते फक्त, मांस किती भाजू? टेबल राखून ठेवत नाहीत, बाहेर रांग असते. पदार्थ दोन वेळा वाढतात त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि दुसरा वाढा गरम असतो. मालकाला मुळात घरची द्राक्षाची दारू खपवायची होती, त्यासाठी हे काढलं. पुढे इतर शहरांतही शाखा निघाल्या.

स्टेक आपल्या कामाचा नाही, रचना कामाची आहे. आणि ती आपल्याला नवी नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगाव स्टेशनवर कचोरीच विकली, मेन्यू कार्ड काढलं नाही. आज अकोल्यातून कोणी पुण्याला जातो तर शेगावच्या कचोरीचा पुडा घेऊन जातो. अमरावतीचा गिला वडा घ्या. एक पदार्थ, दही-चटणी, संपलं.

मुंबईत २०११ च्या सुमारास तीन फ्रेंच तरुणांनी "सुझेत" नावाचं क्रेप विकणारं छोटं ठिकाण काढलं. त्यांचं खारं क्रेप, ज्याला ब्रिटनी प्रांतात गालेत म्हणतात, ते कुट्टूच्या पिठाचं असतं. आपण उपासाला खातो तोच कुट्टू. गरम तव्यावर पातळ पीठ पसरायचं, मधे भाजी-चीज, कडा दुमडायच्या. आई धिरडं टाकते ते आणि हे, हाताची हालचाल सारखीच. ज्वारीच्या धिरड्यात मेथी, वांग्याचं भरीत, लसणाचा ठेचा भरून कडा दुमडून कोणी विकायला लागलं तर मला बघायला आवडेल. दोन तवे, सहा भरणं, खुर्च्या चार. त्याचं भांडवल किती लागेल ते मी सांगू शकते, कारण तवे मीच विकते.

मेन्यू छोटा केला तर गिऱ्हाईक जाईल का

याच मुद्द्यावर अमरावतीचं एक जोडपं माझ्याशी तासभर वाद घालत होतं. बडनेरा रोडला जागा बघितलेली, कर्ज मंजूर, मेन्यू छापायला तयार: १४० पदार्थ. पंजाबी, चायनीज, साउथ, वऱ्हाडी थाळी, पिझ्झा. मी म्हटलं, वीसवर या. दादा म्हणाले, "तुमचं मुंबईत ठीक आहे. आमच्या इकडं एक टेबलावर आठ जण येते. आजोबाले वरण-भात लागते, पोराले नूडल्स. एकाचंबी नसलं की आठही दुसऱ्याकडं जाते."

हा मुद्दा खोटा नाही. फ्रेंच उदाहरणं जशीच्या तशी इथे लागू होत नाहीत ती याच जागी. पॅरिसमध्ये दोघं जेवायला येतात, आपल्याकडे कुटुंब येतं. म्हणून मी वीसचा हट्ट सोडला, पण एक अट घातली: प्रत्येक पदार्थासमोर लिहा की याला लागणारी कोणती वस्तू दुसऱ्या कशातच लागत नाही. वहिनींनी लिहायला घेतलं. संध्याकाळी ४१ पदार्थ असे निघाले ज्यांच्यासाठी एखादी बाटली, एखादं पाकीट, एखादी भाजी वेगळी ठेवावी लागणार होती. ते कापले. नूडल्स राहिले, कारण कोबी, गाजर, कांदा तोच. थाळी राहिली. पिझ्झा गेला, ओव्हनचे पैसे वाचले. आता ६२ वर आले आहेत. मला अजून जास्त वाटतात. त्यांना कमी वाटतात. दिवाळीनंतर उघडणार आहेत. ताटांवर नाव कोरू नका एवढं मात्र मी त्यांना पटवलं.

बिलावरच्या ओळी

थोडक्यात सांगते. फ्रान्समध्ये सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो आणि किमतीची यादी बाहेर दाराशी लावणं बंधनकारक आहे, म्हणजे आत शिरण्याआधी गिऱ्हाइकाला खर्च माहीत. आपल्याकडे सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते योग्य ठरवलं. तेव्हा नवीन माणसाने त्या वाटेला जाऊच नये, दरातच धरा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, इनपुट क्रेडिट मिळत नाही. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर बिलावर वेगळा जीएसटी लावता येत नाही, तो खिशातून भरायचा. वरच्या हिशोबात ही ओळ वाढवा. एफएसएसएआयचा नंबर बिलावर छापायला विसरू नका.

एक शेवटचं उदाहरण, कारण ते फुकटात करता येतं. पॅरिसच्या ला तूर दार्झाँ या रेस्टॉरंटने १८९० पासून प्रत्येक बदकाला क्रमांक द्यायला सुरुवात केली. जेवलात की तुमच्या बदकाचा नंबर छापलेलं कार्ड हातात. १९२१ मध्ये जपानचे युवराज हिरोहितो जेवले, त्यांचं बदक ५३,२११ वं. २००३ मध्ये दहा लाखाचा आकडा पार झाला. खर्च काय? कार्डाचा. लोक ती कार्डं सांभाळून ठेवतात आणि पुढच्या पिढीला दाखवतात. तुमच्या रोडग्याच्या पार्सलवर पहिल्या दिवसापासून क्रमांक टाकायला कोणी अडवलंय?

येत्या रविवारी लाइव्ह आहे. येताना तीन आकडे लिहून आणा: खुर्च्या किती, महिन्याचा ठरलेला खर्च किती, आणि मागच्या मंगळवारी किती लोक जेवले. धंदा अजून सुरू केला नसेल तर ज्या गल्लीत टाकायचा विचार आहे तिथल्या एखाद्या हॉटेलसमोर मंगळवारी साडेबारा ते अडीच उभं राहून डोकी मोजा. चहा पीत मोजा, म्हणजे कोणी विचारणार नाही.